मी लिहून दिलेल्या पाच ओळी

सर, तुमच्या फ्लेक्सवर मी दोन शब्द जादा घातले होते. ते रेहानानं काढायला लावले. तिथूनच सुरुवात करतो, कारण तिथून मागं वळून बघितलं की माझं सगळं दिसतं.

तुम्ही गेलात त्याच दुपारी किकवी फाट्यावर लावायचा मजकूर मी लिहून दिला. फोटो तुमच्या निवृत्तीच्या समारंभातला, फेटा बांधून अवघडून बसलायत तो. खाली नाव, इब्राहिम गुलाब मुलाणी. आणि नावाखाली मी ठोकून दिलं, 'राष्ट्रनिष्ठ मुस्लिम शिक्षक'. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू. वाटलं, लई भारी लिहिलं. तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी गेलो तर तुमची रेहाना चहा घेऊन आली, समोर टेकली आणि हळूच म्हणाली, "काका, रागावू नका. मागच्या महिन्यात तुमच्या वरव्याचे जाधव गुरुजी वारले. त्यांच्या फ्लेक्सवर काय होतं?"

म्हणलं, 'आदर्श शिक्षक'. तोही मीच लिहिला होता.

"मग अब्बांचं निराळं का?"

एवढंच विचारलं तिनं. आवाज चढवला नाही, रडली नाही. चहा तसाच ठेवून मी गाडीला किक मारली, फाट्यावर आलो, हॉटेलवाल्याचं स्टूल घेतलं आणि तो फ्लेक्स स्वतः उतरवला. तारा आवळून बांधल्या होत्या, बोटं सोलली. लोक विचारत होते, काय झालं, नाव चुकलं का? म्हणलं, हां, चुकलंय. दुसऱ्या दिवशी नवीन लागला. 'आदर्श शिक्षक', बस्स. परत तुमच्या घरी गेलो तेव्हा रेहानानं एक फाईल हातात दिली. वर तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'दत्तोबा शेडगे यांना द्यावी'. घरी आणून ती कपाटावर ठेवली आणि चार दिवस हात लावला नाही. आत काय असणार ते मला ठाऊक होतं, निदान मला तसं वाटत होतं.

तुमची-माझी ओळख एसटीनं करून दिली, आणि तीही उशिरा येणाऱ्या एसटीनं. मी भोर स्टँडावर कंट्रोलर, तुम्ही हिर्डोशीच्या शाळेत इतिहासाचे मास्तर. किकवीहून भोरला यायचं आणि पुढं हिर्डोशीची गाडी धरायची. ती गाडी वेळेवर सुटली तर मलाच चुकल्यासारखं वाटायचं. बाकीचे पॅसेंजर खिडकीशी येऊन माझा उद्धार करायचे. तुम्ही मात्र केबिनच्या खिडकीखालच्या बाकड्यावर, पेपराचं कव्हर घातलेलं पुस्तक उघडून गप बसलेले. एक दिवस न राहवून विचारलं, मास्तर, काय चाललंय? तुम्ही म्हणालात, तुर्कस्तान. मी म्हणलं, लांबची गाडी दिसतीय, त्याच्या आधी हिर्डोशी येईल. तुम्ही इतके हसलात की चष्मा पुसायला लागला. त्या दिवसापासून माझ्या अर्ध्या चहावर तुमचा हक्क झाला.

तो अख्खा पावसाळा आपण तुर्कस्तानात काढला. वरंध घाटात दरड पडायची, गाड्या अडकायच्या, आणि तुम्ही सांगत राहायचात. तिथल्या नव्या राज्यकर्त्यांनी देश उभा करायचा म्हणून धर्माला घरी बसवलं. टोपी बदलली, लिपी बदलली, बांगसुद्धा अरबीत नको, तुर्कीत द्या म्हणून हुकूम निघाला. म्हातारीकोतारी माणसं आपल्याच देवाला नव्या भाषेत हाक मारायला शिकली. पुढं सरकार बदललं आणि बांग परत अरबीत आली. मी म्हणलं, म्हणजे शेवटी धर्म जिंकला. तुम्ही म्हणालात, थांबा की, गाडी यायचीय अजून. मग सांगितलंत की परत आलेला धर्मही पहिला राहिला नव्हता, त्याच्याही हातात आता देशाचं निशाण होतं.

नंतर इराण झालं. तिथं उलटं, मौलवीच गादीवर आले, पण इस्लामच्या आधीपासूनचा नवरोजचा सण काही त्यांना लोकांच्या घरातून काढता आला नाही. पाकिस्तान झालं. धर्माच्या नावावर देश मांडला आणि बंगाल्यांनी विचारलं, आमच्या भाषेचं काय? नमाज तीच, कुराण तेच, तरी घर फुटलं. इंडोनेशियानं म्हणे आपल्या तत्त्वांत पहिलं देवाला घातलं, पण कुणाचा देव ते लिहिलं नाही. हे ऐकून मी म्हणलं, ही माणसं आपल्या सरपंचांसारखी हुशार दिसतायत. तुम्ही मिसरची, म्हणजे इजिप्तची गोष्ट सांगायचात, की इंग्रजांविरुद्ध लढताना निशाणावर चंद्र आणि क्रूस शेजारी शेजारी घेऊन लोक रस्त्यावर आले होते. ती सांगताना तुमचा आवाज बदलायचा. पुढं काय झालं त्या निशाणाचं, असं मी विचारलं की म्हणायचात, पुढं नेहमीचंच.

सगळ्यांचं सार तुम्ही एकदा विहिरीवरून सांगितलंत, ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. "दत्तोबा, राष्ट्र आणि धर्म म्हणजे वाटण्या झालेले दोन भाऊ. रान वेगळं, चूल वेगळी, विहीर सामाईक. पाळी कुणाची, एवढंच भांडण. पण दोघं एक झाले ना, की शेजारच्या तिसऱ्याचं रान वाळलंच म्हणून समजा." म्हणलं, तिसरा कोण? म्हणालात, विहिरीच्या उताऱ्यावर ज्याचं नाव नाही तो. तुर्कस्तानातला कुर्द, इराणातला बहाई, पाकिस्तानातला हिंदू आणि ख्रिस्ती. या तिसऱ्याबद्दल बोलताना तुम्ही आपल्याच धर्माच्या राज्यकर्त्यांना असं सोलून काढायचात की तुमच्या जमातीतले एक-दोघं म्हणायचे, मास्तर जास्त शिकला. तुम्हाला तिकडूनही ऐकावं लागायचं, हे मी बघत होतो. बघत होतो आणि तरीही आपला एक प्रश्न सोडत नव्हतो.

आता तो प्रश्न लिहायचीसुद्धा लाज वाटते. ते सगळं खरं सर, पण तुमचं सांगा, आधी देश का आधी धर्म? चेष्टेत विचारला, गंभीर होऊन विचारला, चार कंडक्टर बसलेले असताना विचारला. तुम्ही कधी म्हणायचात, आधी हिर्डोशीची गाडी. कधी म्हणायचात, तुमचं आधी सांगा, आई आधी का सुमनवहिनी आधी, मी घरी जाऊन कळवतो. सगळे हसायचे, मीही हसायचो. एकदा मात्र तुम्ही पुस्तक मिटलंत आणि विचारलंत, "हा प्रश्न तुम्ही कुलकर्णी मास्तरांना का विचारत नाही?" कुलकर्णी मास्तर तुमच्याच शाळेतले, शेजारीच उभे होते. मी म्हणलं, त्यांना कशाला? आणि परत हसलो, खरंच हसलो. तुम्ही उठून गाडीपाशी जाऊन उभे राहिलात. गाडीला अजून ड्रायव्हरही आला नव्हता.

ते भांडण तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, चहा घेतलात, आणि मला वाटलं मिटलं.

आता त्या व्याख्यानाचं. हे सांगण्यासाठीच लिहायला बसलोय, पण हात वळत नाही.

रिटायर झाल्यावर मी वरव्यात व्याख्यानमाला सुरू केली. आयुष्यभर माईकवर गाड्या पुकारल्या, सवय जात नाही. हिवाळ्यात पाच दिवस, संध्याकाळी, शाळेच्या हॉलमध्ये. पहिल्या वर्षापासून तुमच्या मागं लागलो होतो की स्टँडावर मला जे सांगितलंत ते एकदा गावाला सांगा. तुम्ही टाळायचात. म्हणायचात, बाकड्यावर बोलणं वेगळं, माईकवर वेगळं. दोन वर्षांपूर्वी कसेबसे कबूल झालात. विषय तुम्हीच दिलात, 'मुस्लिम देशांतला राष्ट्रवाद आणि धर्म'. चार महिने तयारी केलीत. रेहाना सांगत होती, अब्बा जेवतानाही कागद घेऊन बसतात.

व्याख्यानाच्या दोन दिवस आधी संतोष माझ्याकडं आला. मंडप-साऊंडवाला संतोष, नसरापूरला ज्याचं दुकान आहे, तुमचाच विद्यार्थी. त्याचा बाप हिर्डोशीकडं मेंढरं घेऊन असायचा, त्यामुळं तो तुमच्या शाळेत होता. तुम्ही त्याला दहावीला स्वतःच्या घरी बसवून शिकवलं होतं. त्याच्याबरोबर मंडळाची आणखी दोन पोरं होती. खुर्च्या किती, माईक किती, ते ठरलं. उठता उठता त्यानं विषय विचारला. मी सांगितल्यावर एक पोरगं सहज म्हणालं, अवघड विषय आहे, काका. एवढंच. कसलीही धमकी नव्हती की दम नव्हता. दम दिला असता तर आज निदान म्हणता आलं असतं की घाबरलो होतो.

मीच म्हणालो, काळजी करू नका, सर सुरुवातीलाच सगळं क्लिअर करतील. संतोष म्हणाला, "काय क्लिअर करायचंय, काका? आपलेच सर हायत की. तसलं काय नगं." हे त्याचे शब्द, सर. ते त्या दिवसापासून माझ्या कानात आहेत आणि तुमच्या कानापर्यंत मी ते कधी पोचू दिले नाहीत.

त्याच संध्याकाळी मी पाच ओळी लिहिल्या. 'मी सर्वप्रथम भारतीय आहे. या मातीत जन्मलो, या मातीतच जाणार. माझा धर्म माझ्या घरात, घराबाहेर माझा देश. ज्या देशांबद्दल मी बोलणार आहे त्यांच्याशी माझा काहीही संबंध नाही. जय हिंद.' कागद घेऊन किकवीला आलो. तुम्ही अंगणात पाणी मारत होता. कागद वाचलात, दुसऱ्यांदा वाचलात, आणि विचारलंत, हे कुणाला हवंय?

मी म्हणालो, "पोरांचा आग्रह आहे. संतोष आणि त्याची पोरं."

का म्हणालो? माझं मलाच हवं होतं म्हणायची लाज वाटली म्हणून. वीस वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत ते मला एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, चारचौघांत ऐकायचं होतं, आणि म्हणून मी ते स्वतःच लिहून आणलं. तुमच्याबद्दल मला शंका होती का? नव्हती. शपथेवर सांगतो, नव्हती. शंका नसतानाही मला ऐकायचं होतं, हेच तर वाईट आहे. आणि वर नाव पोरांचं घेतलं.

तुम्ही पाईप खाली ठेवलात. म्हणालात, संतोषसुद्धा? मी हो म्हणून मान हलवली. बादलीत हात धुतलेत, कागदाची घडी घातलीत आणि खिशात ठेवलीत.

त्या संध्याकाळी हॉल भरला होता. अर्धा हॉल हिर्डोशीकडून गाड्या करून आलेल्या तुमच्या विद्यार्थ्यांचा. तुम्ही पांढरा सदरा घालून आला होता, घडीसुद्धा मोडली नव्हती. उभे राहिलात, खिशातून कागद काढलात आणि वाचलात. तुम्ही आयुष्यात कधी वाचून बोलला नव्हतात. इतिहासाचा तास पुस्तक न उघडता घेणारा माणूस, त्या पाच ओळी बोट ठेवून वाचत होता. आणि सर, टाळ्या! पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत. मी तर उभं राहून वाजवल्या. पुढं तुम्ही तुर्कस्तान सांगितलं, इराण सांगितलं, मिसरचं निशाण सांगितलं, पण तुमचा आवाज बाकड्यावरचा नव्हता. आणि ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधीच तुम्ही थांबलात. मी मनात म्हणलं, बरं झालं, वेळेत आटोपलं. आभार मानताना म्हणालो, सरांनी सुरुवातीलाच मनं जिंकली. लोक पाया पडायला आले. संतोष आला, तुमच्या पायाकडं वाकला, आणि तुम्ही पाय मागं घेतलेत. त्याला वाटलं गर्दी आहे. मी बघितलं होतं.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी भांडला नाहीत. भांडला असतात तर बरं झालं असतं. येत होता, चहा घेत होता, गुडघ्याचं बोलत होता, माझ्या नातवाला गणित सांगत होता. फक्त देश बंद झाले. मी मुद्दाम एकदा विचारलं, सर, ट्युनिशियाचं सांगणार होता की. तुम्ही म्हणालात, परत कधीतरी. नसरापूरला जायचं झालं तर तुम्ही अलीकडच्या चौकातच उतरायला लागलात, म्हणजे संतोषचं दुकान लागू नये. त्याच्या पोरीच्या बारशाला तुम्ही गेला नाहीत. त्यानं स्वतः येऊन बोलावणं केलं होतं. ज्या पोराला तुम्ही हातानं घडवलं त्याच्यापासून मी तुम्हाला तोडलं, आणि तोडलं ते एका वाक्यात.

सांगायला दहा वेळा निघालो असेन. शेवटचं तुमचं दुखणं वाढल्यावर आलो होतो, तेव्हाही मनाशी ठरवून आलो होतो. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होता, खिडकीतून हायवेच्या गाड्यांचा आवाज येत होता. मी तोंड उघडलं आणि काय बोललो? हिर्डोशीच्या गाड्या आता कमी केल्यात, लोकांचे हाल आहेत. तुम्ही म्हणालात, वेळेवर तरी सुटतात का? मी म्हणलं, कसलं काय. तुम्ही हसलात. ते शेवटचं हसू, आणि मी ते गाडीच्या वेळापत्रकावर घालवलं.

तुमच्या जनाज्याला किकवीतलं अर्धं गाव होतं. नमाजाला मी आणि बाकीचे आमचे लोक बाजूला उभे राहिलो, मग कब्रस्तानात येऊन मूठमाती दिली. परत फिरताना संतोष माझ्याजवळ आला. बाहेरचा मंडप त्यानंच आपणहून घातला होता. पस्तीस वर्षांचा बाप्या, पोरासारखा रडत होता. "काका, सर दोन वर्षं माज्याशी बोललं न्हाईत. म्या काय केलं हुतं? तुमाला काय बोललं का?" मी माझ्या हाताची माती झटकत होतो. म्हणलं, आजारी होते रे, चिडचिड व्हायची. तुम्ही जमिनीत होता आणि मी तुमच्या नावावर आणखी एक खोटं खपवलं.

घरी येऊन सुमनला सांगितलं, पहिल्यांदाच. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आवं, त्या मानसानं तुमाला कदी इचारलं का, तुमी कुनाचं म्हनून? त्याचं बा मुलानी म्हनून आपल्या जत्रंला बकऱ्याच्या मानंवर सुरी धरायचं, तवा आपन निवद दावायचो. तवा न्हाई इचारलं कुनी, आन तुमाला इचारावंसं वाटलं." मग परत तांदूळ निवडायला लागली.

पुढं रेहानानं दिलेली ती फाईल चार दिवस कपाटावर पडून राहिली, मग मी उघडली. वाटलं होतं तेच होतं, तुमचं व्याख्यान. पहिल्या पानाला माझा पाच ओळींचा कागद टाचणीनं लावलेला. तो तुम्ही जपून ठेवला होता. पण शेवटची तीन पानं मी कधी ऐकलेलीच नव्हती. तीच ती वीस मिनिटं. त्यांवर पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तुम्ही लिहिलं होतं, 'आज नको. दत्तोबांना वाईट वाटेल.'

ती पानं त्या तिसऱ्याबद्दल होती, विहिरीच्या उताऱ्यावर नाव नसलेल्याबद्दल. वाचून मी ओट्यावर जाऊन बसलो. सुमननं दोनदा हाक मारली, मला उठता आलं नाही.

काल शाळेच्या त्याच हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. रेहाना पुढं बसली होती. साऊंडला संतोष. चार जण बोलले, आदर्श, सज्जन, मनमिळाऊ. मग माझं नाव पुकारलं. मी खिशातून तो पाच ओळींचा कागद काढला आणि वाचायला लागलो, फक्त सुरुवातीला नाव माझं घातलं. मी, दत्तात्रय शेडगे, सर्वप्रथम भारतीय आहे. या मातीत जन्मलो, या मातीतच जाणार. माझा धर्म माझ्या घरात, घराबाहेर माझा देश.

सर, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक एकमेकांकडं बघायला लागले. पुढं बसलेल्या एकानं मान खाली घातली, त्याला वाटलं दुःखानं माझं डोकं फिरलं. मलाच पुढं वाचवेना. भर सभेत कुणीतरी आपल्याला उघडं केल्यासारखं वाटत होतं, आणि वाचत होतो मीच, लिहिलंही मीच. तुम्ही ते शेवटपर्यंत वाचलं होतंत. शेवटी आमच्या भावकीतले भिकूअण्णा उभे राहिले, ऐंशी वर्षांचे, आणि काळजीनं म्हणाले, "आरं दत्तू, हे तुला कुनी इचारलं का?"

म्हणलं, "नाही अण्णा. सरांनाही कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. हा कागद माझ्या हातचा आहे, आणि मी सरांना सांगितलं की संतोषचा आग्रह आहे. संतोष नको म्हणाला होता."

मी साऊंडकडं बघितलं. संतोष उठला. मला वाटलं, आता हा येऊन माझ्या थोबाडीत देणार, आणि देव शपथ, दिली असती तर मी गाल पुढं केला असता. तो माझ्याजवळून गेला, माझ्याकडं न बघता. रेहानासमोर वाकला आणि माईक तिच्या हातात दिला. रेहानाकडं ती तीन पानं होती, सकाळीच मी नेऊन दिली होती, आणि शेवटी ती वाचायची हे संतोषला ठाऊक होतं. तो म्हणाला, "ताई, सरांचं राहिलेलं तुमी वाचा. म्या आवाज वाढवतो."

तिनं वाचलं. तुमची अक्षरं तिच्या आवाजात. 'या प्रत्येक देशात एक माणूस असतो. तो शिक्षक असेल, शिंपी असेल, डॉक्टर असेल. त्याला जे सांगायचं आहे ते सांगण्याआधी, आपण कुणाचे आहोत हे त्याला सांगावं लागतं. बाकी कुणाला लागत नाही. तो देश धर्माचा आहे की निधर्मी, हे घटनेत शोधू नका. त्या माणसाला गाठा आणि बघा, त्याला थेट मुद्द्यावर येता येतं का. आपल्या वरव्यात मला ते येतं, याचा मला अभिमान आहे.'

शेवटचं वाक्य वाचून रेहानानं पानं मिटली. मी पुढच्या रांगेत बसलो होतो आणि मला मान वर करता येत नव्हती. हे वाक्य तुम्ही माझा कागद यायच्या आधी लिहिलं होतंत. आमच्या गावाबद्दल तुम्ही एवढं चांगलं लिहिलं होतं, आणि ते बोलायची वेळ आली तेव्हा ते खरं राहिलं नव्हतं. ते मी खोटं पाडलं होतं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही ते गिळलंत.

आज सकाळी नसरापूरला गेलो होतो. मुद्दाम संतोषच्या दुकानापाशी उतरलो. तो तारांची भेंडोळी गुंडाळत होता. मला बघितलं आणि मान फिरवली. पाय आत घेतला, पाठ केली, तुम्ही दोन वर्षं करत होता तसंच. मी हाक मारली नाही. थोडा वेळ उभा राहिलो आणि पुढं चालत गेलो.

उद्या परत जाणार आहे, परवाही. अलीकडच्या चौकात उतरणार नाही, सर, दुकानासमोरच उतरणार. दोन वर्षं तरी.